जुने यंत्र आणि मागील बाकी

'जुने' आणि 'निकामी' हे आपल्या भाषेतले दोन निरनिराळे शब्द आहेत, आणि ते निरनिराळे ठेवण्यात आपल्या पूर्वजांचे काही शहाणपण होते असे मला वाटते. जुना तांदूळ, जुने लोणचे, जुना स्नेह यांना त्यांच्या जुनेपणामुळेच मोल आहे. निकामी ही अवस्था अगदी वेगळी. वस्तूने आपले नेमलेले काम सोडले म्हणजे ती निकामी होते, मग ती कालची का असेना. अलीकडे बाजाराने या दोन शब्दांमधील भिंत पाडून टाकली आहे. वस्तू चालते, दिलेले काम बिनतक्रार करते, तरी ती 'जुनी झाली' एवढ्याच आरोपावरून तिला घराबाहेर काढण्याचा निकाल दिला जातो. हा निकाल न्यायाचा आहे काय, आणि तो देण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा थोडा सावकाशीने विचार करावा अशी इच्छा आहे. प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु क्षुल्लक वस्तूंच्या बाबतीत माणूस जसा वागतो तसाच तो पुढे मोठ्या गोष्टींच्या बाबतीतही वागू लागतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

विचाराला निमित्त घडले ते बेळगावच्या खासबागेत. शहापूर, वडगाव आणि खासबाग हा बेळगावचा विणकरांचा भाग. येथे मराठी, कानडी आणि तेलगू बोलणारी घरे एकमेकांना लागून आहेत, आणि या तिन्ही भाषांच्या आडून मागांचा आवाज सतत चालू असतो. याच भागात माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ राहतात. घरोघरच्या विणकरांना सूत द्यावे, त्यांच्याकडून मजुरीवर साड्या विणून घ्याव्यात आणि त्या पेठेत घालाव्यात हा त्यांचा जन्माचा व्यवसाय. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आपणही तेच म्हणू. आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात गेली पंचवीस-तीस वर्षे एक कॅसिओची डिजिटल डायरी आहे. तळहाताएवढी, पुस्तकासारखी उघडणारी, आत एका बाजूला करडा पडदा आणि दुसऱ्या बाजूला बोटाच्या पेराहून लहान कळा. बिजागरी सैल झाली म्हणून तिला रबराचा पट्टा बांधलेला आहे. या डायरीच्या जागी आता नवे यंत्र, म्हणजे अर्थातच नवा मोबाइल घ्यावा की नाही, यावर त्या घरात पिता-पुत्रांमध्ये मतभेद उत्पन्न झाला. मतभेद कडवट नव्हता. पण दोन्ही बाजूंना इतके तथ्य होते की ऐकणाऱ्याला कौल देणे कठीण व्हावे.

आजच्या तरुण वाचकाला या यंत्राची ओळख करून दिली पाहिजे. कॅसिओ कंपनीने आपली पहिली डिजिटल डायरी १९८३ साली काढली. १९८४ साली इंग्लंडातील सायन कंपनीचा ऑर्गनायझर आला. १९९३ साली अ‍ॅपलने न्यूटन नावाचे हस्ताक्षर ओळखू पाहणारे यंत्र बाजारात आणले आणि १९९८ साली ते बंद केले. त्या दरम्यान, १९९६ साली, पाम पायलट अवतरला व या जातीच्या यंत्रांना खरा लोकाश्रय मिळाला. त्याचा जनक जेफ हॉकिन्स याची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. यंत्र तयार होण्यापूर्वी त्याने त्याच आकाराचा एक लाकडी ठोकळा करून खिशात बाळगला होता, आणि कोणी भेटीची वेळ विचारली की तो ठोकळा काढून त्यावर लिहिण्याचा अभिनय करी. खिशात मावेल आणि चटकन हाती येईल तेच यंत्र माणूस जवळ बाळगील, हे त्याने लाकडाकडून शिकून घेतले. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्या खिशांत ज्या डिजिटल डायऱ्या दिसत, त्या बहुधा कॅसिओसारख्या साध्या जातीच्या. नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक, नोंदी, वेळेवर वाजणारी घंटा आणि हिशेबाची सोय. यापलीकडे त्यांची महत्त्वाकांक्षा नव्हती.

या यंत्राचा एक गुणधर्म मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढचा सारा वाद त्यावर उभा आहे. अशा जुन्या यंत्राची स्मृती विजेवर जगते. नाण्याएवढ्या सपाट बॅटऱ्या आत असतात, आणि त्या बदलताना आतले लिखाण पुसले जाऊ नये म्हणून एक राखीव बॅटरी असते. दोन्ही एकदम संपल्या की डायरीतले अक्षरन् अक्षर नाहीसे होते. मागे धूसर खूणही राहत नाही. कागदाला वाळवी लागली तरी दोन ओळी वाचता येतात. ताम्रपट जमिनीखाली शतकानुशतके पडून राहिला तरी बोलतो. हे यंत्र नंदादीपासारखे आहे. तेल आहे तोवर अखंड प्रकाश, आणि तेल संपले की पूर्ण अंधार.

आप्पांच्या डायरीत सुमारे साडेतीनशे नावे आहेत. पुष्कळशी विणकरांची, काही सूतवाल्यांची, काही कोल्हापूर, हुबळी, मडगाव, पणजी येथील गिऱ्हाइकांची. यंत्राला देवनागरी येत नाही; तेव्हा सगळी नावे रोमन लिपीत, आप्पांना सुचली तशी लिहिलेली. काही दूरध्वनी क्रमांकांचे आकडे वाढण्यापूर्वीचे. ते फिरवले तर आज कोठेच लागणार नाहीत. आणि कित्येक नावांपुढे एक रकम. कोणाची किती उचल आहे, कोणाची किती मजुरी द्यावयाची राहिली आहे, याची ती खूण. मोठा हिशेब वहीत असे. परंतु सणावारी रात्री-अपरात्री दारात आलेल्या माणसाला काही दिले, किंवा पावसामुळे आठवड्याचा हिशेब अपुरा राहिला, तर ती नोंद डायरीत होई. व्यवहारातले जे नाजूक, तोंडी, विश्वासावर चाललेले, ते या यंत्राच्या पोटी गेले.

मुलाचे म्हणणे असे. "आप्पा, यंत्र चालते आहे हे खरे, पण ते बंद पडले तर दुरुस्त करणारा माणूस आता गावात नाही. त्याची तार मिळत नाही, आणि मिळाली तरी आजच्या संगणकाला ती जोडता येत नाही. त्यातल्या मजकुराची दुसरी प्रत कोठेच नाही. एका रात्रीत बॅटरी गेली तर इतक्या माणसांचे देणे-घेणे कोणाच्या तोंडच्या शब्दावर ठरवावयाचे?"

आप्पांचे उत्तर तितकेच ठाम. "हे यंत्र माझ्याशी आपण होऊन बोलत नाही, मी विचारले तरच सांगते. त्याच्यातले माझ्या खिशाबाहेर जात नाही. तुझ्या मोबाइलात मी नाव लिहिले की ते कोणकोणाच्या घरी जाऊन बसते हे तुला तरी ठाऊक आहे काय? आणि दोन-तीन वर्षांनी तो मोबाइलही जुना झाला म्हणशील. चालत्या वस्तूला टाकावयाचे पाप मी कशासाठी करू?"

प्रथम आप्पांच्या बाजूचा विचार करू. चालत्या वस्तूला टाकू नये हा संस्कार आपल्या घरांत फार खोलवर रुजलेला आहे. नवी साडी सणाला, जुनी रोजच्या वापराला, विरलेली असेल तर तिची वाकळ. वाकळही झिजली की पायपुसणे. विणकाच्या हातून सुटलेले वस्त्र अशा चार-पाच पदव्या भोगून मगच मातीला मिळते. याच वाकळेला कानडी शेजारीण कौदी म्हणते. नाव बदलले तरी धर्म तोच. पुष्कळ लोक नव्याच्या समर्थनार्थ गीतेतील जीर्ण वस्त्राची उपमा पुढे करतात. विणकरांच्या वस्तीत राहणाऱ्याला मात्र त्या उपमेतला 'जीर्ण' हा शब्द अधिक ठळक ऐकू येतो. वस्त्र टाकावयाचे ते जीर्ण झाल्यावर. शेजारच्या दुकानात नवा काठ आला म्हणून नव्हे.

त्यातही एक दुःखाची गोष्ट अशी की, डिजिटल डायरीची वाकळ होत नाही. साडीला जे उत्तर आयुष्य आहे ते या यंत्राला नाही. ते एक तर चालते, नाहीतर कचरा होते. खासबागेत रविवारी बाजार भरतो. तेथे जुन्या-पान्या वस्तूंनाही गिऱ्हाईक मिळते, कारण घेणाऱ्याला त्यांचा काहीतरी उपयोग करता येतो. लोखंडी पाना कितीही हात बदलला तरी पानाच राहतो. विजेवरच्या यंत्राचे असे नाही. जगात २०२२ या एका वर्षात अशा यंत्रांचा सुमारे ६ कोटी २० लक्ष टन कचरा निर्माण झाला, आणि त्यातला चौथा हिस्सादेखील रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आला अशी नोंद नाही. उरलेल्यातील तांबे काढण्यासाठी कोठेतरी कोणीतरी तारा उघड्यावर जाळतो, आणि तो धूर आपल्या नव्या यंत्राच्या किमतीत धरलेला नसतो. आपल्या देशाने या कचऱ्यासाठी नियम केले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकावर पुनर्वापराची जबाबदारीही टाकली. नियम स्वागतार्ह आहेत. परंतु न टाकलेल्या वस्तूचा कचरा होत नाही, हे सर्वांत जुने कलम कोणत्याही राजपत्राविना अमलात आणता येते.

येथे गांधीजींचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, आणि बेळगावात तर ते अधिकच. डिसेंबर १९२४ मध्ये येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या आयुष्यातले हे एकमेव अध्यक्षपद. याच अधिवेशनात काँग्रेसच्या सभासदत्वासाठी वर्गणीऐवजी दरमहा दोन हजार यार्ड सूत देण्याच्या अटीवर शिक्कामोर्तब झाले. यंत्राच्या विरोधी म्हणून प्रसिद्ध असलेल्या या माणसाने त्याच वर्षी, बेळगावला येण्यापूर्वी काही आठवडेच, एका तरुणाशी बोलताना आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे असे स्पष्ट केले होते, आणि सिंगरच्या शिवणयंत्राला खुशाल अपवाद म्हणून मान्य केले होते. ते यंत्र पत्नीचे कष्ट पाहून एका माणसाच्या मनात उपजले, म्हणून त्यात त्यांना प्रेम दिसले.

दुसरी गोष्ट काकासाहेब कालेलकरांनी सांगितलेली. काकासाहेब तरुणपणी बेळगावच्या गणेश विद्यालयात काही काळ शिक्षक होते, त्यामुळे त्यांच्याविषयी या गावाला थोडा आपलेपणा आहे. १९१५ च्या मुंबई काँग्रेसच्या वेळी गांधीजी काहीतरी शोधत होते. विचारता कळले की एक लहानशी पेन्सिल. काकासाहेबांनी आपली पेन्सिल देऊ केली. पण त्यांना तीच हवी होती, कारण ती मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने प्रेमाने दिलेली होती. शेवटी ती सापडली. जेमतेम दोन इंचांचा तुकडा! ही गोष्ट काटकसरीची म्हणून सांगतात, पण ती काटकसरीची नाही. काटकसरी माणसाला कोणतीही पेन्सिल चालली असती, आणि फुकट मिळत असेल तर विशेषच. त्या तुकड्याशी एका मुलाचा विश्वास बांधलेला होता, आणि तो हरवू देणे हा त्या मुलाचा अवमान ठरला असता. वस्तू जपावयाची ती तिच्यात गुंतलेल्या माणसासाठी, असा त्या शोधाशोधीचा अर्थ मला दिसतो.

आणि नेमका येथेच आप्पांचा पक्ष डळमळू लागतो. पेन्सिलीच्या तुकड्यात जो विश्वास होता तो पेन्सिल जपल्याने जपला जात होता. डायरीतला विश्वास डायरी जपल्याने जपला जातोच असे नाही. साडेतीनशे माणसांचा शब्द आज दोन लहान बॅटऱ्यांच्या आधाराने उभा आहे. आप्पा ज्याला 'माझे यंत्र' म्हणतात ते कवचापुरते त्यांचे आहे. आतला ऐवज त्यांच्याकडे ठेव म्हणून आहे. आपली छत्री फाटकी वापरावी की नवी घ्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु दुसऱ्याचे धान्य ज्या कणगीत ठेवले तिला भोक पडले आहे काय, हे पाहणे आपल्या आवडीनिवडीवर सोडता येत नाही. ज्या साधनात केवळ माझे आहे, ते मी हवे तितके दिवस चालवावे. ज्यात दुसऱ्याचे आहे, त्याच्या म्हातारपणाची चौकशी करण्याचा हक्क त्या दुसऱ्यालाही आहे. मुलाच्या बोलण्यातले खरे बळ हे आहे.

पण हाच निकष उलटून मुलाच्या नव्या यंत्रालाही लावला पाहिजे. विणकराने आपला पत्ता, आपला क्रमांक आणि आपल्या अडचणीची रकम आप्पांना सांगितली. ती कोणा परक्या कंपनीला सांगितली नव्हती. आज मोबाइलात कोणतीही नवी सोय घ्यावयास जा, ती पहिल्याच दारात आपली नावांची यादी मागते, आणि आपण घाईत अंगठा टेकून मोकळे होतो. यादीतल्या साडेतीनशे जणांना कोणी विचारले? शिवाय त्या कंपनीचे तरी चिरंजीवित्व कोणी पाहिले आहे! पामसारखी एके काळी घराघरांत पोचलेली कंपनी २०१० साली ह्यूलेट-पॅकार्डने सुमारे १२० कोटी डॉलरांना विकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी ती यंत्रे काढणे थांबवीत असल्याचे जाहीर केले. पामच्या जुन्या यंत्रांतली दिनदर्शिका ३१ डिसेंबर २०३१ ला संपते. त्यापुढचा दिवस त्या यंत्राला ठाऊकच नाही. ज्याने ते घडवले त्याला इतके दिवस ते कोणी वापरील असे वाटले नसावे. नव्या यंत्राच्या जन्मपत्रिकेतही असाच एखादा दिवस लिहिलेला असतो. आपल्याला तो दाखवला जात नाही इतकेच.

जुन्या-नव्याचा हा झगडा खासबागेला नवीन नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हातमागाच्या जागी यंत्रमाग आले तेव्हा घरोघर हीच चर्चा झाली असणार. हातमाग मोडला तर गल्लीतला सुतार तो नीट करी. धोटा, फणी, पावड्या यांत असे काही नव्हते की जे डोळ्यांना दिसत नाही. यंत्रमागाने लुगड्यांची संख्या वाढवली, अंगमेहनत कमी केली, आणि त्याबरोबर विजेच्या बिलाची व सुट्या भागांची ताबेदारीही आणली. याला निव्वळ प्रगती म्हणणारा आणि निव्वळ अधोगती म्हणणारा, दोघेही मागावर न बसलेले असतात.

मागाचे आणि आप्पांच्या डायरीचे नाते तर वरवर दिसते त्याहून जवळचे आहे. काठ-पदराची नक्षी उठवणारे जॅकार्ड हे फ्रान्समधील लियाँ शहरच्या जोसेफ मारी जॅकार्ड याचे १८०४ चे यंत्र. नक्षीतला कोणता धागा उचलावयाचा आणि कोणता खाली ठेवावयाचा हे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत लिहिलेले असते; भोक म्हणजे होय, भोक नाही म्हणजे नाही. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची युक्ती उचलली. त्याच्याजवळ जॅकार्डचे रेशमात विणलेले एक चित्र होते, आणि ते विणावयास सुमारे चोवीस हजार पुठ्ठे लागले होते. १८९० साली अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलेरिथच्या भोके पाडलेल्या पत्त्यांवर मोजली गेली, आणि तेथून आजच्या संगणकापर्यंतची वाट सरळ आहे. म्हणजे आप्पांच्या खिशातली डायरी ही वंशाने मागाचीच नात. फरक इतकाच की आजीची स्मृती भिंतीवर टांगलेली, बोटांनी चाचपता येणारी. एखादा पुठ्ठा फाटला तर दुसरा कापून तेथेच शिवता येई. नातीची स्मृती अदृश्य आहे, आणि ती फाटल्याचे कळते तेव्हा शिवण्यासारखे काही उरलेले नसते. साधन जसजसे सूक्ष्म होत जाते तसतशी त्याची दुरुस्ती गल्लीतून निघून दूरच्या देशी जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडून कंपन्यांना माहिती देण्यास सांगितले, हे योग्यच झाले. परंतु ज्या यंत्राचे उत्पादनच थांबले त्याला त्याचा उपयोग थोडा.

आपल्याच राज्यात एकदा वेगळ्या वाटेने जाण्याचा प्रयत्न झाला होता, त्याची आठवण येथे ठेवली पाहिजे. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि अभियंते यांनी सिंप्यूटर नावाचे हातात धरावयाचे यंत्र योजिले, आणि २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने ते बाजारात आले. भारतीय भाषा त्याला याव्यात, अक्षरओळख नसलेल्यालाही ते वापरता यावे, हा हेतू. त्याहून विलक्षण कल्पना अशी की, यंत्र गावाचे असावे आणि प्रत्येकाने आपली माहिती आपापल्या लहानशा कार्डावर बाळगावी. कार्ड घातले की यंत्र त्याचे, काढले की दुसऱ्याचे. व्यापारदृष्ट्या ते यशस्वी झाले नाही, आणि थोड्याच वर्षांत मोबाइलने त्याची जागा भरून काढली. परंतु त्या कल्पनेतला विवेक मला आजही मोलाचा वाटतो. यंत्र आणि ठेव या दोन वस्तू आहेत. यंत्र कोणाचेही असो, ठेव ज्याची त्याच्या हाती असावी. आप्पांच्या विणकरांपैकी प्रत्येकाच्या खिशात त्याचे असे एक कार्ड असते, तर पिता-पुत्रांना वादच घालावा लागला नसता.

मग निर्णय कोणता? याचे उत्तर आपल्या व्यापाऱ्यांच्या एका जुन्या चालीत तयार आहे असे मला वाटते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा होते. गेल्या वर्षीच्या वहीत पुष्कळ पाने कोरी असली तरी नवी वही सुरू करण्यात कोणी उधळपट्टी मानीत नाही. तेव्हा 'नव्याचा मोह' हा आरोप आपल्या परंपरेवर सरसकट करता येणार नाही. पण नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहून झाल्यावर जुन्या वहीतली बाकी पुढे ओढावी लागते. कोणाचे किती येणे, कोणाचे किती देणे, हे नावानिशी उतरवल्यावाचून नवे वर्ष उघडत नाही. वही बदलली म्हणून ऋण बदलले असे मानणाऱ्याला पेठ दिवाळखोर म्हणते. येथे जुन्याला चिकटण्याची सक्ती नाही आणि नव्याला नकारही नाही. मात्र मागील बाकी न ओढता पुढे जाण्याची मनाई आहे.

आप्पांनी शेवटी हेच केले. एक जाड बांधणीची वही आणली, आणि रोज संध्याकाळी डायरीतली दहा-बारा नावे मराठीत उतरवून घ्यावयास सुरुवात केली. मुलगा यंत्र वाची, आप्पा लिहीत. सारा मजकूर क्षणात एका यंत्रातून दुसऱ्यात ओतता आला असता तर जे घडले नसते ते या संथ उताऱ्यात घडले. प्रत्येक नावापाशी थांबावे लागले. कोण हयात आहे, कोण गेले, कोणाचे घर पावसात पडले, कोणाच्या मुलाने माग विकून रिक्षा घेतली, हे सारे पुन्हा उच्चारले गेले. आणि एका नावापुढे १,८४० रुपयांची रकम आढळली; ती येणे नसून देणे होती. विणकर २००४ च्या सुमारास खासबाग सोडून इचलकरंजीला गेला होता, आणि राहिलेली मजुरी पुढल्या हिशेबात धरावयाची ती धरली गेली नव्हती. तो दारात मागावयास आला नाही. आप्पांनाही पाठ आठवण नव्हती. चौकशी करता तो वारल्याचे कळले. रक्कम त्याच्या पत्नीकडे पोचती झाली. वीस वर्षांपूर्वीच्या १,८४० रुपयांचे आज किती होतात, हा प्रश्न अर्थशास्त्राने सोडवला तरी पुरा सुटत नाही; आप्पांनी त्यात काही भर घातली, किती ते त्यांनी सांगितले नाही.

प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस एक मिसरी कथा सांगतो. थ्यूथ नावाच्या देवाने लेखनकला शोधून काढली आणि हे स्मृतीचे औषध आहे म्हणून थामस राजापुढे ठेवली. राजाने उलट शंका काढली की, माणसे आता बाहेरच्या खुणांवर विसंबतील आणि आतून आठवणे विसरतील. ती शंका खोटी म्हणता येत नाही. आप्पांनी देणे यंत्रात लिहिले आणि म्हणूनच ते विसरले. लिहिले नसते तर कदाचित ते त्यांना टोचत राहिले असते. पण लिहिले नसते तर ते सापडलेही नसते. तेव्हा नोंद करणे हे स्मरणाचे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे ती नोंद अधूनमधून उघडून वाचणे. जुने यंत्र असो वा नवे, हे दुसरे अर्धे काम ते आपल्यासाठी करीत नाही. मृतांची नावे उतरवावीत काय, असाही प्रश्न त्या संध्याकाळी निघाला. ज्यांचे देणे-घेणे फिटले त्यांची नावे हिशेबाला नको होती. आप्पांनी ती वहीच्या शेवटी वेगळ्या पानावर लिहिली, क्रमांकांवाचून.

मोबाइल आता आला आहे. त्यात चालू कामापुरते क्रमांक आहेत, रकमा नाहीत. रकमा वहीत आहेत, आणि प्रत्येक विणकराला त्याच्या पानाची प्रत करून दिली आहे. डायरीही आप्पांच्या खिशात आहे. पहाटेची घंटा ती पूर्वीसारखी वाजवते, आणि तिच्यात आता आप्पांचे स्वतःचे असे जे काही आहे तेच उरले आहे. ती उद्या बंद पडली तर आप्पांना वाईट वाटेल. दुसऱ्या कोणाचे नुकसान होणार नाही. माझ्या मते वस्तू जपण्याचा आनंद निर्मळपणे भोगता येतो तो याच स्थितीत.

तेव्हा 'जुने ठेवावे की नवे घ्यावे' असा प्रश्न आपल्यापुढे आला की किंमत, वेग आणि चकाकी यांच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. या जुन्यात दुसऱ्याचे काय ठेवलेले आहे, आणि ते सुरक्षित आहे काय? आणि नव्यात गेल्यावर ते कोणाच्या हाती पडेल, आणि ज्याचे आहे त्याला ते चालेल काय? या दोहोंची प्रामाणिक उत्तरे मिळाली तर उरलेला निर्णय आपल्या ऐपतीचा आणि आवडीचा. त्यात पापपुण्य फारसे नाही. उत्तरे मिळाली नाहीत तर मात्र जुने जपणारा आणि नवे घेणारा, दोघेही सारखेच निष्काळजी ठरतात. यंत्रे येतील आणि जातील. खासबागेने दोन पिढ्यांत किती येताना-जाताना पाहिली आहेत! प्रत्येक वेळी नव्या पानावरची पहिली ओळ मागील बाकीची असली म्हणजे झाले.